समाजमाध्यमांवरील जाहिरात : फुलोरा किती, फळ किती?

जाहिरात हा शब्द अरबी 'जाहिर' या शब्दावरून मराठीत आला. जाहिर म्हणजे उघड, प्रकट. आमच्या ग्वाल्हेरच्या बाजारात तिलाच 'इश्तिहार' म्हणतात. इश्तिहार आणि शोहरत हे दोन्ही शब्द एकाच धातूचे. वस्तू प्रकट करणे हे एक काम, तिची कीर्ती पसरविणे हे दुसरे आणि त्यायोगे माल खपणे हे तिसरे. या तिहींची गल्लत झाली की पैसा पाण्यात जातो.

आज फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांवर थोडक्या रकमेतही जाहिरात देता येते. त्यामुळे महाराज बाड्यावरील दुकानदार, शिकवणीवर्गाचे चालक आणि धर्मादाय संस्था या सर्वांपुढे एकच प्रश्न उभा आहे : यावर खर्च करावा काय? सायंकाळी मोबाइलवर आकडे दिसतात. इतक्या हजारांनी जाहिरात पाहिली, इतक्या शेकड्यांनी तीवर बोट ठेवले. परंतु पाहणारा म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, आणि आलेले प्रत्येक गिऱ्हाईक जाहिरातीनेच आले असेही नव्हे.

घरचेच उदाहरण घेऊ. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा 1905 साली माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत सुरू झाला. 2024 च्या मेळ्यात वाहनकरात 50 टक्के सवलत होती. अशा दिवसांत एखाद्या विक्रेत्याने जाहिरात दिली आणि गाड्या भराभर खपल्या, तर श्रेय कोणाला द्यावे? जाहिरातीला की सवलतीला? त्यातून ही माध्यमे अशी चतुर की, जो आधीच गाडीच्या शोधात आहे त्यालाच हेरून जाहिरात दाखवितात. मग पाहणाऱ्यांत खरेदीदार अधिक निघाले तर नवल ते काय? कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असा हा हिशेब होतो.

खरे उत्तर तुलनेनेच मिळते. सारखे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत. एकास जाहिरात दाखवावी, दुसऱ्यास दाखवू नये, आणि मग विक्री मोजावी. 'ईबे' या अमेरिकन कंपनीने 2012 साली शोधयंत्रावरील आपल्या नावाच्या जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या. येणारे लोक जवळजवळ तितकेच राहिले. ते फुकटच्या दुव्यावरून येऊ लागले, इतकेच. पुढील प्रयोगात असे दिसले की, नेहमीच्या गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा परिणाम नगण्य, नवख्यांवर मात्र तो होतो. शोधयंत्र हे समाजमाध्यम नव्हे हे खरे. पण खुद्द फेसबुकवरील 15 प्रयोगांचा जो अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला, त्यातही चिठ्ठ्या न टाकता केलेले हिशेब पुष्कळदा जाहिरातीचा गुण फुगवून सांगतात असे आढळले.

म्हणून जाहिरात व्यर्थच, असे आम्ही म्हणत नाही. 2020 च्या अखेरीस अमेरिकेत डॉक्टर व परिचारिका यांनी 'सणाला प्रवास टाळा' असे सांगणारे छोटे चित्रसंदेश फेसबुकवरून लक्षावधी लोकांना दाखविण्यात आले. मुंबईत जन्मलेले नोबेल मानकरी अभिजित बॅनर्जी या प्रयोगाच्या अभ्यासकांपैकी एक होते. ज्या भागांत संदेश अधिक पोहोचला तेथे कोरोनाची लागण सुमारे 3.5 टक्क्यांनी कमी भरली. उलट त्याच वर्षी 20 लक्ष मतदारांवर केलेल्या प्रयोगात, सुमारे 89 लक्ष डॉलर खर्चूनही, मतदानाच्या प्रमाणात सरासरीने फरक पडला नाही. तात्पर्य, परिणाम होतो तेव्हाही तो बहुधा लहान असतो. तो किफायतशीर ठरणे हे पोहोच, खर्च आणि प्रसंग यांवर अवलंबून आहे.

शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याची व गिऱ्हाइकांची ओळख वाढावी म्हणून. ज्याला ठाऊक नाही त्याला ठाऊक करून देणे, हा जाहिरातीचा खरा धर्म तेव्हाही होता, आजही आहे.

आमच्या दुकानदार बंधूंनी एक साधा हिशेब करावा. जाहिरातीस 2,000 रुपये लागले आणि एका नगामागे 100 रुपये नफा सुटतो, तर निदान 20 नग जास्तीचे खपले पाहिजेत. एरवी खपलेच असते ते यात धरू नयेत. काही आठवडे जाहिरात द्यावी, काही आठवडे बंद ठेवावी. कोणते आठवडे हे चिठ्ठीने ठरवावे, आणि लग्नसराईचा एखादा आठवडा पाहून निकाल देऊ नये. नव्या गिऱ्हाइकास 'आपणांस आमचे नाव कोठे कळले?' हे विचारून वहीत टिपावे.

वाचकहो, या स्मरणिकेसारख्या पुस्तिकांत ज्या जाहिराती असतात, त्या देणारे बहुधा विक्रीसाठी देत नाहीत, आपुलकीने देतात. ती देणगीच होय, आणि देणगी म्हणून ती शोभते. परंतु संस्था स्वतः जेव्हा जाहिरातीवर पैसा घालते, तेव्हा तो कोणा मुलाच्या वह्यापुस्तकांतून वजा होत असतो. त्या रुपयाने नवी मदत किंवा नवा गरजू दाराशी आणला काय, हे विश्वस्तांनी दर वर्षी पाहावे. किती लोकांनी पाहिले हा आकडा त्या हिशेबात धरू नये.