ऊन किती जुने?

अंगणात पडलेले ऊन सूर्यावरून केव्हा निघाले असेल? अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर. आता १० ला ‘क्ष’ म्हणा. कोटी हा क्षचा ७ वा घात, लाख ५ वा. झाल्या दोन एकपदी! भागाकार करू. सहगुणक भागा : १५ ÷ ३ = ५. घातांक मात्र भागायचे नाहीत. (कॉलेजातली मुलेही येथे घसरतात.) अंशात सात क्ष, छेदात पाच क्ष मांडून पाहा, पाचाला पाच उडतात, वर दोन उरतात. उत्तर ५ क्ष वर्ग, म्हणजे ५०० सेकंद : ८ मिनिटे २० सेकंद. ताळा गुणाकाराने घ्या. तेथे २ आणि ५ या घातांकांची बेरीज होऊन ७ परत मिळतात.