संथ रहस्यकादंबरी आणि वाचकाचा धीर

घरांत एखादी मोठी कादंबरी आली म्हणजे ती सर्वांच्या हातांतून फिरते; परंतु सर्वांच्या हातीं ती सारखी टिकत नाहीं. वडील रोज रात्रीं दहा-वीस पानें याप्रमाणें महिनाभरांत ती संपवितात. कॉलेजांत जाणारा मुलगा साठाव्या पानावर खूण घालतो आणि ती खूण तेथेंच राहते. आई मधलीं प्रकरणें चाळून शेवट आधींच पाहून घेते. मग जेवणाच्या वेळीं वाद सुरू होतो. वडिलांच्या मतें हल्लींच्या मुलांस धीर म्हणून नाहीं. मुलाच्या मतें ग्रंथकारालाच आटोपशीर लिहितां येत नाहीं. गतकाळांत घडणाऱ्या दीर्घ रहस्यकादंबऱ्यांच्या बाबतींत हा वाद विशेष रंगतो, आणि त्याचें कारण त्या कादंबऱ्यांच्या घडणींतच आहे.

रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबरी यांची चाल मुळांत भिन्न. रहस्यकथेंत आरंभींच खून पडतो व तो कोणीं केला, या एका प्रश्नाच्या ओढीनें वाचक पुढें धांवतो. ऐतिहासिक कादंबरी त्याला थांबविते. त्या काळचे लोक काय खात, कशाला भीत, कोणत्या गोष्टीसाठीं प्राण देण्यास तयार होत, हें दाखविण्यास तिला अवकाश लागतो. या दोघींस एका जुवाला जुंपलें म्हणजे एक बैल पळूं पाहतो आणि दुसरा पावलोपावलीं रेंगाळतो. केवळ उलगड्यासाठीं आलेला वाचक लौकर कंटाळतो. त्या काळांत राहावयास आलेल्या वाचकाला तीच पानें हवीहवीशीं वाटतात.

इटालियन पंडित उंबेर्तो एको (१९३२–२०१६) यांची ‘द नेम ऑफ द रोज’ ही कादंबरी या प्रकाराचें ठळक उदाहरण होय. मूळ इटालियन ग्रंथ १९८० सालीं निघाला व विल्यम वीव्हर यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९८३ सालीं प्रसिद्ध झालें. इ. स. १३२७ च्या नोव्हेंबरांत, उत्तर इटलींतील डोंगरावरच्या एका ख्रिस्ती मठांत सात दिवसांत ही कथा घडते. मठवासी एकामागून एक मरण पावतात, आणि विल्यम हा इंग्रज संन्यासी ॲड्सो नांवाच्या तरुण शिष्यासह त्या मृत्यूंचा छडा लावतो. प्रकरणांची विभागणी मठांतील प्रार्थनेच्या वेळांप्रमाणें केलेली आहे. मध्येंच लॅटिन वाक्यें येतात, चर्चच्या दारावरील शिल्पाचें वर्णन पानेंच्या पानें चालतें, आणि ख्रिस्त व त्याचे शिष्य यांच्या मालकीचें कांहीं होतें कीं नाहीं, यावर लांबलचक वाद झडतात.

पुस्तक छापण्यापूर्वीं एको यांच्या स्नेह्यांनीं व संपादकांनीं पहिलीं शंभर पानें कमी करण्याची सूचना केली. त्यांनीं ती मानली नाहीं. पुढें एका निबंधांत त्यांनीं आपलें कारण सांगितलें. मठांत सात दिवस राहावयाचें तर मठाची चाल पत्करली पाहिजे. पहिलीं शंभर पानें ही एक प्रकारची दीक्षा आहे. जी ज्याला नको असेल त्यानें डोंगराच्या पायथ्याशींच थांबावें, असा त्यांचा आशय होता.

हें उत्तर कोणाला उद्धटपणाचें वाटेल. परंतु या कादंबरींतील तपशील कसे बांधलेले आहेत तें पाहिलें म्हणजे त्यामागील विचार कळतो. कथेंत एक प्रेत डुकराच्या रक्तानें भरलेल्या रांजणांत सांपडावयाचें होतें. डुकरें मारीत तीं थंडी पडल्यावर. परंतु कथेंत येणारे एक ऐतिहासिक गृहस्थ, मायकेल ऑफ चेझेना, हे १३२७ च्या डिसेंबरांत आव्हिन्यों येथें पोपच्या दरबारीं पोहोंचलेले होते. म्हणून कथा नोव्हेंबरांतच संपविणें प्राप्त होतें. नोव्हेंबरांतच हिंवाळा कडक हवा, यासाठीं मठ उंच डोंगरावर न्यावा लागला. वाचकाला जें नुसतें बर्फाचें वर्णन वाटतें, त्यावर कथेचा खांब उभा आहे.

ग्रंथालयाची गोष्टहि तशीच. ग्रंथपाल व त्याचा साहाय्यक यांखेरीज तेथें कोणीं जावयाचें नाहीं, प्रत्येक ग्रंथ हातानें नकलून काढावयाचा, आणि एक प्रत जळाली तर एखादा ग्रंथ जगांतून कायमचा नाहींसा व्हावयाचा! ही स्थिति मनांत मुरल्यावांचून एका पुस्तकापायीं माणसें जीव घेतील, हें आजच्या वाचकाला पटणार नाहीं. १९८६ सालीं ज्यां-जाक आनो यांनीं या कथेचा बोलपट काढला. दोन तासांच्या सुमारास तो संपतो. खून, अंधार व भूलभुलैया डोळ्यांपुढें उभे राहतात, परंतु धार्मिक वादांचा पुष्कळ भाग गाळावा लागला. पळणाऱ्या बैलाचें काम त्यांत नीट साधलें. रेंगाळणारा बैल बराचसा घरींच राहिला.

वाचकाचा धीर पुस्तक कोणत्या रीतीनें हातीं येतें, यावरहि अवलंबून असतो. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ सालीं एका इंग्रजी साप्ताहिकांत बत्तीस हप्त्यांनीं निघाली. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या वेढ्यांत एका इंग्रज अधिकाऱ्यानें बळकावलेल्या हिऱ्याची ती कथा. तींतील म्हातारा कारभारी हकीकत सांगतांना वारंवार वाट सोडून भलतेंच बोलत बसतो. पण आठवड्याला एकच हप्ता वाचणारास तें जड होत नसे. आपल्याकडे हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ सुरू केलें व त्यांतून त्यांच्या मोठमोठ्या कादंबऱ्या अशाच क्रमशः निघाल्या. आठवडाभर वाट पाहण्यांत वाचकाचा धीर आपोआप पोसला जाई. तोच मजकूर पांचशें पानांचा गठ्ठा होऊन एकदम हातांत पडला म्हणजे ओझें वाटूं लागतो.

अर्थात् प्रत्येक संथपणा असा सकारण नसतो. ग्रंथकारानें जमविलेली माहिती टाकवत नाहीं म्हणून भरलेलीं पानेंहि पुष्कळ असतात. दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. आरंभीं सांगितलेली गोष्ट पुढें कामास येते काय, तें पाहावें. एको यांच्या कथेंत मठाचें दार गांठण्यापूर्वींच विल्यम बर्फांतील खुणांवरून, न पाहिलेल्या व हरवलेल्या घोड्याचें वर्णन करून दाखवितो. ग्रंथकार तेथें वाचकाला जणूं विसार देतो कीं, येथें बारीकसारीक पाहणारा नफ्यांत राहील. ज्या पुस्तकांत शंभर पानांपर्यंत असा विसारच मिळत नाहीं, तें खुशाल मिटून ठेवावें.

या वादांत खरें नुकसान होतें तें त्या साठाव्या पानावर थांबलेल्या मुलाचें. मोठें पुस्तक आपल्याला झेपत नाहीं अशी त्याची एकदां समजूत झाली, म्हणजे तो पुढें तशा पुस्तकांच्या वाटेलाच जात नाहीं. वडिलांनीं त्याच्या धीराची परीक्षा घेण्यापेक्षां त्याला आठवड्याला एक प्रकरण मोठ्यानें वाचून दाखवावें. जुन्या हप्त्यांची रीत घरांत पुन्हां सुरू करण्यास खर्च कांहींच येत नाहीं. आणि इतकें करूनहि त्याचें मन रमलें नाहीं, तर ती कादंबरी कपाटांत राहूं द्यावी. वीस वर्षांनीं तोच मुलगा ती आपण होऊन काढील आणि रात्रीं दहा-वीस पानें वाचूं लागेल, असा संभव पुष्कळ आहे.