रंगाचा डबा सगळ्यात शेवटी

जुन्या बाजारातून आणलेली वस्तू रंगवायची म्हणून कुणी सल्ला विचारला, की मी आधी रंगाचा डबा आणू नका असं सांगते. रंगाचे पोपडे निघतात तेव्हा दोष बहुतेक वेळा खालच्या धुळीचा, तेलकटपणाचा नाहीतर गंजाचा असतो. नवं रूप टिकतं ते रंगाआधीच्या मेहनतीमुळे.

माझी खरेदी पुण्यात, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. आरशांच्या चौकटी, लोखंडी दिवे, लाकडी स्टुलं बघताना मी वरच्या रंगाकडे लक्षच देत नाही. तो बदलायचाच असतो. वस्तू उलटी करते, सांधे हलवून बघते. लाकडाला बारीक भोकं असून त्यातून पिठासारखा भुसा पडत असेल, तर भुंगा लागलाय असं समजावं. अशी वस्तू फुकट मिळाली तरी घरात नेऊ नये. पत्रा असेल तर गंज वरवरचा आहे की आरपार गेलाय, हे अंगठ्याने दाबून कळतं.

एक खबरदारी मात्र हवीच. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेली वस्तू कोरडी घासू नये, कारण ती धूळ श्वासावाटे शरीरात जाते आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वांत जास्त. वॉटर पेपर ओला करून घासावं, एन-९५ मास्क लावावा आणि निघालेला चिखल ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. जुना पाळणा किंवा खेळणी रंगवून मुलांना देण्याच्या फंदात पडूच नये.

आमच्या बैठकीत टीपॉयच्या जागी पत्र्याची ट्रंक आहे. आणली तेव्हा ती कडेने तांबूस गंजलेली होती आणि झाकणावर तिच्या जुन्या मालकाचं नाव पांढऱ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. साबणाच्या पाण्याने धुतल्यावर सुटा गंज ओल्या तारेच्या ब्रशने काढला. मग आधी १२० नंबरच्या पेपरने घासली, नंतर १८०च्या. नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. कडक उन्हात वाळवून, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून लगेच रेड ऑक्साइड प्रायमर लावला. उघडा पत्रा दमट हवेत पुन्हा गंज धरतो. त्यावर बाटलीहिरव्या ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये ३२० नंबरच्या पेपरने हलकेच घासून. हा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वरून आत वाळत जातो. जाड हात दिला तर वर साय धरते, खाली ओलं राहतं आणि सुरकुत्या पडतात. नावावर चिकटपट्टी लावून ते तसंच राखलं आणि त्यावर पारदर्शक वॉर्निश दिलं.

लाकडी चौकटीचं तंत्र थोडं वेगळं. नक्षीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढायची, जुन्या वॉर्निशची चकाकी घासून मोडायची, खड्ड्यांत लांबी भरायची, मग लाकडाचा प्रायमर. पांढरा रंग द्यायचा असेल तर पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्यावा. पांढरा ऑइल पेंट काही वर्षांनी पिवळट पडतो, अंधाऱ्या कोपऱ्यात तर लवकरच.

काही वस्तूंना मात्र रंग लावू नये. सागवान किंवा शिसम निघालं तर पॉलिश करून त्याच्या रेषा दिसू द्याव्यात. पितळी समई चिंच लावून घासली की पुरे. सावंतवाडीची जुनी लाखकामाची वस्तू हाती लागली तर मऊ फडक्याने पुसून तशीच मांडावी. ते काम कारागिराच्या हातचं आहे, आपण त्यावर ब्रश फिरवू नये.

पावसाळ्यात हे काम काढू नका. दसऱ्यानंतरची कोरडी हवा उत्तम. रंग हाताला एका दिवसात कोरडा लागला तरी पुरता कडक व्हायला काही आठवडे जातात, तोवर त्यावर जड फुलदाणी ठेवू नये. पहिल्यांदाच करणार असाल तर फोटोची एखादी लहान चौकट घ्या. तिच्यावर घासणं, पुसणं, वाट बघणं हे सगळं शिकून होतं आणि मग मोठं कपाट हाती घ्यायला भीती वाटत नाही.