मालमोटारीचे सारथ्य : शिक्षण, परवाना आणि उदरनिर्वाह

शालान्त परीक्षा झाली की पुढे काय, हा प्रश्न दरवर्षी घरोघरी उभा राहतो. वकिली, वैद्यकी, शिक्षकी व कारकुनी यांविषयी मुलांना पुष्कळ ऐकावयास मिळते. परंतु आपल्या डोळ्यांसमोरून अहोरात्र धावणाऱ्या मालमोटारींच्या व्यवसायाविषयी कोणी चार शब्द सांगत नाही. तो जणू न शिकलेल्यांचाच धंदा आहे, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत कितपत खरी आहे आणि या व्यवसायाचा सरळ मार्ग कोणता, हे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा. समुद्रकाठी तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून उभे आहे, आणि बोईसरला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. तेथे रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. कच्चा माल आत येतो आणि पक्का माल बाहेर जातो तो मुख्यतः मालमोटारींनीच. बोईसरहून चिल्हार फाट्याने, किंवा पालघरहून वाघोबा खिंड ओलांडून मनोरमार्गे, त्या राष्ट्रीय महामार्ग ४८ गाठतात. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्या बंदरास मच्छीमार बांधवांचा विरोध आहे व त्याची कारणे गंभीर आहेत. तो विषय स्वतंत्र लेखाचा होय. येथे इतकेच म्हणावयाचे की, माल जेथे आहे तेथे तो वाहून नेणाऱ्या हाताचीही गरज राहणारच.

आजवर हा धंदा शिकण्याची रीत ठरलेली असे. मुलगा लहानपणीच क्लीनर म्हणून गाडीवर जाई, काचा पुशी, चाके बदली, आणि एखाद्या मोकळ्या रस्त्यावर उस्तादाच्या कृपेने चक्र हाती घेई. या रीतीत गाडीची ओळख उत्तम होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कायदा, भाराचे गणित आणि धोक्याचे ज्ञान तिच्यातून मिळत नाही. त्यातून कित्येक जण दलालास पैसे देऊन शिकल्याचा दाखला विकत घेतात. असा दाखला खिशात राहतो, हातात काही येत नाही; आणि घाटात ब्रेक तापले म्हणजे दाखला उपयोगी पडत नाही.

आता कायद्याच्या पायऱ्या पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे हलकी मोटार चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. परिवहन वाहन, म्हणजे भाड्याने माल वा माणसे नेणारे वाहन, चालविण्यास २० वर्षे. शिवाय हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष हाती असल्यावाचून परिवहन वाहनाची शिकाऊ अनुज्ञप्ती मिळत नाही. एकूण भार ७,५०० किलोपर्यंत ते हलके वाहन, त्यावर १२,००० किलोपर्यंत मध्यम, आणि त्याहून अधिक ते जड. हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्यास ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीवाचून चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. म्हणून छोट्या टेम्पोपासून आरंभ करणे हा शहाणपणाचा मार्ग होय. वयाची २० वर्षांची अट मात्र विसरू नये.

जड वाहनासाठी उमेदवाराने वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, आणावे लागते व मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण शाळेचा नमुना ५ मधील दाखला जोडावा लागतो. नियमाप्रमाणे हे शिक्षण किमान ३० दिवसांचे असावे व त्यात प्रत्यक्ष चालविण्याचे तास १५ हून कमी नसावेत. शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने चालते; ती मिळाल्यापासून ३० दिवस लोटल्यावर अंतिम चाचणी देता येते. परिवहन वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. अर्ज संगणकावरून ‘सारथी’ या सरकारी व्यवस्थेत भरता येतो. आपल्याकडील गाड्यांवर एमएच-४८ ही खूण दिसते. ती वसईच्या परिवहन कार्यालयाची.

अठरा ते वीस ही मधली दोन वर्षे वाया जातात, असे कोणी म्हणेल. आमचे मत उलट आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. ज्याने इंजिन उघडून पाहिले आहे, तो गाडीचा आवाज बदलताच सावध होतो.

शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान या धंद्यात पदोपदी भेटते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे चालकाने धोका पाहून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंतच तेवढे अंतर सरते. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते आणि ती सारी ब्रेकांना उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. म्हणूनच जव्हारचा घाट उतरताना खालचा गिअर घालून इंजिनाकडून गाडी धरावी; ब्रेक सतत दाबून धरल्यास ते तापून निकामी होतात. अर्धा भरलेला टँकर तर भरलेल्याहून अवघड. आतील द्रव हेलकावे खातो, वळणावर एका बाजूस झुकतो आणि गाडी उलटविण्यास पाहतो. महामार्ग कोणाचीही भीडभाड ठेवीत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे मोटार अपघातात निधन झाले, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

बोईसर-तारापुरास विशेष लागू असा एक विषय आहे, तो धोकादायक मालाचा. २०१९ साली परिवहन चालकास असलेली आठवी उत्तीर्णतेची अट सरकारने काढून टाकली. त्यावरून शिक्षणाची गरज संपली असे मानू नये. धोकादायक रसायने नेणाऱ्या चालकास आजही एक भारतीय भाषा व इंग्रजी वाचता-लिहिता आली पाहिजे आणि तीन दिवसांचे खास प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र हवे. टँकरच्या अंगावर जी चौकोनी पाटी असते, तिच्यावर मालाचे नाव, संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेला क्रमांक, धोक्याचे चिन्ह आणि आणीबाणीत काय करावे याची सांकेतिक खूण असते. या खुणेतील १ व २ हे आकडे पाण्याच्या फवाऱ्याचे, ३ हा फेसाचा, आणि ४ हा कोरड्या पदार्थाचा. जेथे ४ लिहिले आहे, तेथे गावकरी भल्या बुद्धीने पाण्याच्या बादल्या घेऊन धावले तर अनर्थ होईल. अशा वेळी त्या जागी शहाणा माणूस एकच असू शकतो, आणि तो चालक. चार अक्षरे वाचता येणे म्हणजे शंभर जीव वाचविणे, हे येथे अक्षरशः खरे आहे.

नोकरी धरताना मुलाने निःसंकोच विचारून घ्यावे : पगार किती व भत्ता किती, भविष्य निर्वाह निधी आहे काय, अपघाताचा विमा कोण भरतो, दुसरा चालक सोबत असतो काय. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ व आठवड्याचे ४८ तास ही कामाची मर्यादा घातली होती; झोपेचे कर्ज शरीर फार काळ उधार ठेवीत नाही, हेच त्यामागचे तत्त्व. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींत चालकाची खोली वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे. जादा भार घेण्याचा आग्रह मालकाने धरला तर नम्रपणे नकार द्यावा. त्यास २०,००० रुपये व वर दर टनास २,००० रुपये दंड कायद्यात आहे. पाच-सहा वर्षांचा अनुभव व काही शिल्लक जमेपर्यंत स्वतःच्या गाडीसाठी कर्ज काढू नये. गाडी उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही.

मुलींनीही हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. राज्य परिवहनाची गाडी जून २०२३ मध्ये सासवड-नीरा मार्गावर एका महिला चालकाने नेली आणि एक जुनी समजूत मागे पडली.

पालकांस शेवटी एक विनंती. हौसेने वा कामाच्या घाईने अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी देऊ नये. त्याने अपराध केल्यास पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे ज्या धंद्यावर त्याचे पोट चालावयाचे, त्याचे दारच आपण आपल्या हाताने बंद करतो. दोन वर्षे धीर धरावा, खरे शिक्षण द्यावे आणि मुलगा चालक झाला तर चारचौघांत ते ताठ मानेने सांगावे. आपल्या घरातील मीठ, औषध व पुस्तकही कोणा चालकाने रात्र जागून आणलेले असते.