एकट्याने अडू नका, मिळून बसा!

वाचकहो, वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या सहाही तालुक्यांतली आपली मुले-मुली आता इंजिनिअरिंगला जातात. बाप बांधकामावर, आई सोयाबीन सोंगायला, आणि लेक कॉलेजात. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत आलेली आमची भाची म्हणाली, "मामा, कॉलेजात शिकवतात ते सॉफ्टवेअर विकत घेणे आपल्या आवाक्यात नाही. आणि प्रोग्राम अडला तर इथे विचारायचे कुणाला?"

प्रश्न खरा आहे. पूल, शेड किंवा यंत्र उभे करण्याआधी त्याचा हिशेब संगणकावर मांडतात. त्या हिशेबात एक चिन्ह चुकले तरी अख्खी रात्र वाया जाते. जाणकाराने पाहिले तर तीच चूक पाच मिनिटांत सापडते. म्हणून जगभर एकच सॉफ्टवेअर वापरणारे लोक गट करून ठरावीक दिवशी एकत्र बसतात.

ही रीत जुनी आहे. १९५५ साली अमेरिकेत आय.बी.एम. ७०४ हा महागडा संगणक वापरणाऱ्यांनी 'शेअर' नावाचा गट काढला. त्यात विमान कंपन्यांचे लोक पुढे होते. एकमेकांचे स्पर्धक असूनही ते आपले प्रोग्राम एकमेकांना देऊ लागले. कारण सोपे होते, तेच काम प्रत्येकाने नव्याने का करावे? आपल्या पुण्यातही लिनक्स आणि पायथॉन वापरणाऱ्यांचे असे गट भरत आले आहेत.

पैशाच्या अडचणीलाही वाट आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मधील 'फॉसी' प्रकल्प मोफत सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. गणिती हिशेबाला सायलॅब, विजेच्या सर्किटला ई-सिम, लोखंडी बांधकामाला ऑसडॅग. यांतले ऑसडॅग तर भारतीय मानक आय.एस. ८०० प्रमाणे हिशेब करते. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीतही आहेत. मात्र नोकरी देणारे पुष्कळदा महागडे सॉफ्टवेअर येते का, हेच विचारतात. म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तासही बुडवू नये. पाया पक्का असला की दुसरे सॉफ्टवेअर शिकणे जड जात नाही. चोरीची प्रत मात्र घेऊ नका. त्यातून व्हायरस शिरतो आणि केलेले कामही जाते.

मग आपल्या वस्तीत काय करता येईल? पाच-सहा मुले-मुली आणि दोन लॅपटॉप पुरेत. रविवारी दुपारी अभ्यासिकेत बसावे. प्रत्येकाने आपले अडलेले एक उदाहरण आणावे. ज्याला सुटले त्याने फळ्यावर समजावावे आणि उत्तर एका वहीत उतरवावे. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती वही कामी येईल. नोकरीला लागलेला दादा किंवा ताई सणाला गावी आली, तर एक तास मागून घ्यावा. वेळ दुपारची ठेवली तर मुलींनाही अंधार पडायच्या आत घरी पोहोचता येते.

आई-बाबांनो, आपल्याला त्यातले काही कळत नाही म्हणून मागे राहू नका. खोलीची किल्ली, विजेचे बिल आणि चहा एवढे आपल्या हातात आहे. आमची भाची एकटी रात्रभर अडून बसली होती. तिच्या शेजारी चार जण बसले, तर ती रात्र वाचेल.