चाळीस कोटींचा फुगा आणि घरचं लग्न

खेळांचा उद्घाटन सोहळा बघताना कुणाच्या अंगावर काटा येतो, तर कुणाच्या कपाळावर आठ्या. रोहण्याच्या घरात एका रात्री या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला होताना पाहिल्या, त्याची ही गोष्ट.

२६ जुलै २०२४ची रात्र. शुक्रवार, म्हणजे दुसऱ्या दिवशी अलार्म नाही. पुण्यातला आमचा भाड्याचा फ्लॅट, तीन मुली, मॅगीचं पातेलं आणि टीव्हीवर पॅरिस ऑलिम्पिकचं ओपनिंग. रात्री अकराला सुरू झालेला सोहळा, पावसात भिजणारी सीन नदी आणि तिच्यातून बोटींनी येणारे खेळाडू. स्टेडियमबाहेर, थेट नदीवर उन्हाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन, हे पहिल्यांदाच होत होतं.

पहिल्या तासातच आमच्यात तीन पार्ट्या पडल्या. ॲड एजन्सीत काम करणारी रूममेट जाम खूश. जुन्या तुरुंगाच्या खिडकीत स्वतःचं मुंडकं हातात धरलेली राणी आणि सोबत हेवी मेटल बँड, हे बघून ती सोफ्यावर उभीच राहिली. बँकेत असलेली दुसरी म्हणाली, "हे ऑलिम्पिक आहे की फॅशन शो? खेळाडू कुठायत?" आणि मी? मला सगळं आवडत होतं आणि सगळ्याचा कंटाळाही येत होता. भारताची बोट आली तेव्हा मात्र तिघीही गप्प झालो. सिंधू आणि शरथ कमलच्या हातात तिरंगा, आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर बोट गेलीसुद्धा. मग खेळाडूंच्या कपड्यांवरून वाद सुरू. ग्रुपवर मेसेजेसचा पाऊस. "एवढ्या मोठ्या डिझायनरकडून हे?" इथपासून "साधे आहेत, छान आहेत" इथपर्यंत.

शेवटी आयफेल टॉवरवरून सेलिन डिऑन गायली आणि मघाशी नाकं मुरडणारी बँकवाली डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी पेपरात आणि चॅनेलवर एकच शब्द: 'संमिश्र प्रतिक्रिया'. आम्हा पत्रकारांचा हा लाडका शब्द. काही लोकांना आवडलं, काहींना नाही, विषय संपला. पण खरंच असं असतं का? मला आठवलं ते रोहणा.

एक टीव्ही, घरभर मतं

रोहणा म्हणजे आमचं गाव. तालुका आर्वी, जिल्हा वर्धा. पुलगावहून आर्वीकडे निघालात की लागतं. कापूस, सोयाबीन, तूर आणि पावसाच्या गप्पा. ३ ऑक्टोबर २०१०, रविवार. पितृपक्ष चालू होता. आजोबांचं श्राद्ध म्हणून आम्ही पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने वर्ध्याला उतरून गावी गेलो होतो. दुपारचे वडे आणि कढी रात्रीला उरलेली, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि सात वाजता दूरदर्शनवर दिल्लीच्या कॉमनवेल्थ गेम्सचं उद्घाटन.

मी तेव्हा सातवीत. पुण्याची, इंग्लिश मीडियमची आणि तोऱ्यात. कंपासपेटीवर 'शेरा' वाघाचं स्टिकर होतं आणि शाळेत गेम्सवर प्रोजेक्ट केला होता. त्यामुळे या विषयातली एक्स्पर्ट मीच!

वातावरण मात्र गरम होतं. आदल्या दीड-दोन महिन्यांत गेम्सच्या बातम्यांनी पेपर भरलेले. भाड्याने आणलेल्या ट्रेडमिल्सचे लाखातले दर, खेळाडूंच्या निवासातल्या घाणीचे फोटो. २१ सप्टेंबरला तर मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूलच कोसळला, त्यात कामगार जखमी झाले. मोठेबाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. बाजेवर बसून त्यांनी आधीच निकाल देऊन टाकला होता: "नाक कापतीन हे लोक."

आणि सोहळा सुरू झाला. जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर साठेक हजार माणसं. मैदानाच्या वर तरंगणारा हेलियमचा अजस्र फुगा, त्याच्यावर सरकणारी चित्रं, खाली देशभरातले ढोल. राष्ट्रगीत लागलं आणि गुडघेदुखीची रोज तक्रार करणारे मोठेबाबा आधाराशिवाय ताड्कन उभे राहिले. पुढे ढोल वाजू लागले तेव्हा त्यांची बोटं मांडीवर ठेका धरत होती. मी बघितलं. त्यांनी मी बघितलेलं बघितलं आणि बोटं थांबवली.

आजीचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर. संचलन सुरू होतं. एकेक देश येत होता. शेवटी भारत, पुढे झेंडा घेऊन अभिनव बिंद्रा. सगळे टाळ्या वाजवत असताना आजीने मला विचारलं, "आपलं कोन हाय वं त्याच्यात?"

"अगं आजी, सगळे आपलेच."

"तसं नाई. आपल्याइकडचं कोन?"

मला सांगता येईना. प्रोजेक्टमध्ये ते लिहिलंच नव्हतं.

टाळ्या एकीला, हुर्यो दुसऱ्याला

आजीचं उत्तर मग व्यासपीठावर सापडलं. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील! माहेर जळगावचं, सासर अमरावतीचं, १९९१ ते ९६ अमरावतीच्या खासदार. आमच्याकडे वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. आजीच्या हिशेबात त्या शेजारच्या गल्लीतल्याच. "आपल्या अमरावतीची सून हाय थे!" असं तिने सगळ्या पाहुण्यांना दोनदा सांगितलं. बाजूला इंग्लंडचे युवराज चार्ल्स बसलेत, उद्घाटन नक्की कुणी करायचं यावरून आधी बराच काथ्याकूट झालाय, शेवटी दोघंही बोलणार आहेत, यातलं काही तिच्या गावीही नव्हतं. तिच्यापुरतं उद्घाटन प्रतिभाताईंनीच केलं.

त्याच व्यासपीठावर महाराष्ट्राचं आणखी एक माणूस होतं. आयोजन समितीचे अध्यक्ष आणि तेव्हाचे पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी. ते भाषणाला उभे राहिले आणि स्टेडियममधून हुर्यो सुरू झाली. भर सोहळ्यात, परदेशी पाहुण्यांसमोर, लाइव्ह टीव्हीवर.

आमच्या घरातही तेच. मोठेबाबांना जोर चढला. फुग्याची किंमत पेपरांत सुमारे चाळीस कोटी छापून आली होती. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव होता क्विंटलला ३ हजार रुपये. त्यांनी तोंडीच भागाकार केला. "चाळीस कोटीचा फुगा! एक लाख तेहतीस हजार क्विंटल कापूस झाला हा, राजेहो! वरतं लटकून रायला पाय!"

आणि मी बोलले. आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. "मोठेबाबा, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत पैसेच दिसतात. एवढं छान चाललंय, एन्जॉय करता येत नाही का? तुम्हाला काय कळतं यातलं!"

घरात एकदम शांतता. काकूच्या हातातली वाटी हातातच राहिली. बाबांनी डोळे वटारले. मोठेबाबा काही बोलले नाहीत. टीव्हीकडे बघत राहिले.

लाइट गेली

थोड्या वेळाने लाइटच गेली. त्या काळात विदर्भातल्या गावांना लोडशेडिंगचं नवल नव्हतं. टीव्ही काळा, पंखा बंद, सगळे ओसरीवर.

गंमत बघा. त्या अंधारात आमचं काय हुकलं ते मला पुढे कॉलेजात असताना यूट्यूबवर कळलं. सोहळ्यातला भारताच्या प्रवासाचा भाग होता तो. मैदानात एक आगगाडी आणि तिच्या अवतीभवती रोजचं जगणारी साधी माणसं. म्हणजे ज्या भागात आमच्यासारख्यांना जागा होती, नेमका तोच आम्ही पाहिला नाही. आमच्या भागातून धावणारी पुलगाव-आर्वी छोटी गाडीही तोवर बंदच पडली होती.

ओसरीवर मी एका कोपऱ्यात बसले होते. मोठेबाबा शेजारी येऊन बसले. रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, परक्याच्या लग्नात कोनी खर्चाचा हिशेब लावते का? पोटभर जेवते, घरी येते. हिशेब घरच्या लग्नाचाच लावते मानूस. आपलं हाय म्हून तं राग येते."

मला उत्तर सुचलं नाही. लाइट आली तेव्हा ए. आर. रहमान गात होता, आणि मोठेबाबांची बोटं पुन्हा मांडीवर ठेका धरत होती. या वेळी मी बघतेय हे कळूनही ती थांबली नाहीत.

रात्रीचं मत, सकाळचं मत

दुसऱ्या दिवशी पेपरांचा सूर पालटलेला. 'नाक कापणार' म्हणणारेच आता 'भारताने करून दाखवलं' म्हणत होते. ज्या फुग्यावर टीका झाली, त्याचंच परदेशी माध्यमांतही कौतुक. दोन्ही खरं होतं. सोहळा देखणा झाला, म्हणून खर्चाचे प्रश्न संपले नाहीत आणि प्रश्न होते, म्हणून ढोल बेसूर झाले नाहीत.

पुढे एप्रिल २०११ मध्ये कलमाडींना अटक झाली. वर्षानुवर्षं तपास चालला. एप्रिल २०२५ मध्ये ईडीने मनी लाँडरिंगच्या प्रकरणात दिलेला तपास बंद करण्याचा अहवाल दिल्लीच्या कोर्टाने स्वीकारला. त्या रात्री ज्यांनी हुर्यो केली, त्यांच्यापैकी किती जणांनी ही बातमी वाचली असेल? उद्घाटन तीन तासांचं असतं, मतं तीन मिनिटांत बनतात, हिशेबाला मात्र पंधरा वर्षं लागतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. २००८ च्या बीजिंगने जगाला थक्क केलं, आणि मग कळलं की गोड गाणारी ती चिमुरडी फक्त ओठ हलवत होती, आवाज दुसऱ्याच मुलीचा होता. पॅरिसमध्ये एका दृश्यावरून इतका गदारोळ झाला की आयोजकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. आणि आपल्या १९९६ च्या क्रिकेट वर्ल्ड कपचं ईडन गार्डन्सवरचं उद्घाटन? लेझर शोचा पडदा वाऱ्याने फडफडत राहिला आणि सगळा शोच फसला. घरात कुणी चाळिशीपार क्रिकेटवेडं असेल तर विचारा, अजून चिडतील.

पाच दिवसांनी

आजीच्या प्रश्नाचं खरं उत्तर आलं ते ८ ऑक्टोबरला. आम्ही पुण्याला परतलो होतो. मोठेबाबांचा फोन आला, तोही माझ्यासाठी. "टीव्ही लाव!" नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, आदिवासी कुटुंबातली कविता राऊत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ जिंकली होती. १९५८ मध्ये मिल्खा सिंग यांनी गोल्ड मिळवलं होतं. त्यानंतर कॉमनवेल्थच्या ट्रॅकवर वैयक्तिक मेडल मिळवणारी ती पहिलीच भारतीय. मागून आजीचा आवाज येत होता, "आपल्याइकडची हाय म्हना तिले!" रोहण्यापासून सावरपाडा म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. पण आजीचा नकाशा वेगळा होता. भारताने त्या गेम्समध्ये ३८ गोल्डसह १०१ मेडल्स मिळवली. आमच्या घरात मोजलं गेलं ते एकच.

आता तुमच्या ऑफिस ग्रुपवर पुढच्या ओपनिंगच्या रात्री भांडण जुंपेलच. कुणी 'गूजबम्प्स' लिहील, कुणी 'वेस्ट ऑफ मनी'. दोन पार्ट्या पाडायची घाई करू नका. 'वेस्ट ऑफ मनी' लिहिणारा झोपायला गेला नसेल तर तोही टीव्हीसमोरच बसलाय. त्याची बोटं कुठे आहेत, तेवढं बघा.

आणि ती रात्र फार लांब नाही. २०३० ची कॉमनवेल्थ स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगोत त्यावर शिक्कामोर्तब झालं. पहिली स्पर्धा १९३० ची, म्हणजे हे शताब्दी वर्ष. दणक्यात होणार हे उघड आहे. खर्च कितीचा, कुणाच्या खिशातून, हे प्रश्नही दणक्यातच विचारले जायला हवेत, आणि विचारणाऱ्याला 'तुला काय कळतं' असं म्हणायचं नाही, हे मी शिकलेय.

अहमदाबादची बातमी आली त्या संध्याकाळी मोठेबाबांना फोन केला. आता आजी नाही. मोठेबाबांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग मी पंधरा वर्षं राहिलेली माफी मागितली. त्यांना तो प्रसंग आठवतच नव्हता. किंवा आठवत नसल्याचं सांगितलं.

"म्हंजे पुन्हा फुगा उडवतीन?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. पण बघायला मी रोहण्यालाच येणार."

"ये ना मंग. वडे करू." थोडं थांबून म्हणाले, "त्या रात्री लाइट राहिली पाहिजे, तेवढं पाय."