भूमिका कोणी ठरवायची? तेजल शाह यांच्या कलेचा आढावा

सावनेरचे नाव मराठी नाट्यरसिकाच्या ओठांवर येते ते राम गणेश गडकऱ्यांमुळे. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी इथे वारले आणि महिना उलटायच्या आत त्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्याला लागला. त्यातली नायिका सिंधू उभी केली बालगंधर्वांनी. पुरुषाने बाई व्हावे आणि घरंदाज बायकांनी त्याच्या लुगड्याची, अंबाड्याची नक्कल करावी, हे महाराष्ट्राने डोळे भरून पाहिले आहे. तेव्हा एखादा कलावंत बाई-पुरुष या कुंपणावरून ये-जा करू लागला की ‘ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं’ असे म्हणणे आपल्या तोंडी तरी शोभत नाही. मात्र बालगंधर्वांचा दाखला देऊन विषय मिटवणेही सोयीचेच. सिंधू कशी असावी हे गडकऱ्यांनी ठरवले आणि बालगंधर्वांनी ते निभावले. रंगभूमीने मुभा दिली ती भूमिकेला. रंग उतरवल्यावर माणसाने कसे जगावे याबद्दल ती गप्प राहिली. तेजल शाह या समकालीन कलावंताचे महत्त्व मला याच ठिकाणी दिसते. कॅमेऱ्यासमोर कोण व्हायचे, हे ठरवण्याचा हक्क या कलेने कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्याकडे सोपवला.

शाह यांचा जन्म १९७९ चा, भिलाईचा. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसले की काही तासांत लागणारे हे पोलादाचे गाव. पुढे मेलबर्नच्या आरएमआयटीत छायाचित्रणाचे शिक्षण, शिकागोच्या कलाशाळेत काही काळ, मग मुंबई आणि नंतर गोवा. हा प्रवास चारचौघांसारखाच म्हणता येईल. ज्या मुंबईत ही कला घडली ती मुंबई मात्र समजून घ्यावी लागते. १९९५ मध्ये तिथे ‘स्त्री संगम’ हा समलिंगी आणि उभयलिंगी स्त्रियांचा गट सुरू झाला होता. तोच पुढे ‘लेबिया’ म्हणून ओळखला जाऊ लागला. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फायर’ हा चित्रपट लागलेल्या चित्रपटगृहांची मोडतोड झाली. दोन जावांच्या प्रेमाची गोष्ट पडद्यावर सोसवत नाही, असे सांगणारा जमाव रस्त्यावर होता आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ कायद्याच्या पुस्तकात होते. अशा दिवसांत, २००० साली, शाह यांनी अनुज वैद्य यांच्याबरोबर ‘चिंगारी चुम्मा’ हा छोटा व्हिडिओ केला. नायिका, खलनायक आणि ऐनवेळी धावून येणारा नायक हा हिंदी सिनेमाचा घासून गुळगुळीत झालेला मसाला त्यात असा उलटापालटा होतो की कोणी कोणाला वाचवायचे हाच प्रश्न पडावा. २००३ मध्ये लैंगिकता आणि लिंगभावाचे वैविध्य दाखवणारा ‘लर्झिश’ हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. त्याच्या संस्थापकांत आणि आयोजकांत शाह यांचे नाव आहे. कलम ३७७ वरचा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल यायला अजून सहा वर्षे होती, सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल तर फारच लांब. कायद्याने दार उघडले आणि मग कलावंत आत शिरले, हा क्रम निदान इथे लागू पडत नाही.

या कारकिर्दीतले सर्वांत भरीव काम मला २००६ ची ‘हिजडा फॅन्टसी सीरीज’ ही छायाचित्रमालिका वाटते. तिची रीत साधी आहे. हिजडा आणि ट्रान्स मैत्रिणींना विचारायचे, मनातल्या मनात तू स्वतःला कोण म्हणून पाहतेस? उत्तर मिळाले की पडदे, दागिने, प्रकाश, सारा सरंजाम त्या उत्तरासाठी उभा करायचा. एकीने दक्षिणी सिनेमाची नायिका व्हायचे ठरवले, दुसरीने क्लिओपात्रा. तिसरीला आई व्हायचे होते. तिचे छायाचित्र म्हणजे ‘यू टू कॅन टच द मून’, यशोदा आणि कृष्ण. त्यामागची मांडणी राजा रविवर्म्याची आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला हललेल्या छापखान्यातून रविवर्म्याच्या देवदेवता घरोघरच्या भिंतींवर पोचल्या; त्यामुळे हे चित्र न पाहिलेल्या माणसालाही ते ओळखीचे वाटते. भरजरी वस्त्र, बाळ, आणि बाळाकडे झुकलेली आई. खटकावे असे काही डोळ्यांना सापडत नाही, आणि तीच या छायाचित्राची खुबी. हातात टाळी आणि तोंडात शिवी एवढीच ज्यांची प्रतिमा सिनेमाने रूढ केली, त्यांच्यापैकी एक इथे देवघराशेजारच्या तसबिरीत जाऊन बसली आहे.

इथे एक खरोखरचा आक्षेप येतो, आणि तो स्त्रीवादाच्या घरातूनच येतो. आई, नायिका, राणी, म्हणजे पुरुषी नजरेने बाईसाठी शिवलेले तेच जुने कपडे. स्त्रीवादी चळवळीने ते अंगावरून उतरवायला काही दशके खर्ची घातली, आणि इथे ते हौसेने पुन्हा चढवले जात आहेत. मग यात स्त्रीवाद कुठे उरला? पुष्पमाला एन. यांचे काम शेजारी ठेवून पाहावे. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह केलेल्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ या मालिकेत त्यांनीही रविवर्म्याच्या स्त्रिया साकारल्या आहेत, पण स्वतः त्या भूमिकेत शिरून, ती भूमिका किती बनावट आहे हे दाखवत. ती टीका नेमकी आहे. परंतु जो वेश जन्मापासून अंगावर लादला गेला त्याची थट्टा करता येते. जो मागूनही मिळाला नाही त्याची थट्टा कशी करणार? मातृत्व नाकारण्याचा हक्क आणि मातृत्व मागण्याचा हक्क हे दोन्ही एकाच मागणीतून निघतात: माझ्या देहाचे मी ठरवीन. शिवाय निवडलेली आई कोण आहे हे पाहा. यशोदेने कृष्णाला जन्म दिलेला नाही, ते देवकीचे काम. यशोदेने वाढवले, आणि आईपणाचा मान तिला कोणी नाकारला नाही. त्या मैत्रिणीने तिची निवड नुसती देखणेपणासाठी केली असेल असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो पूर्ण परतवता येत नाही. स्वप्न एकीचे, सही दुसऱ्याची, आणि चित्र लागते गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर. विचारून काढलेल्या छायाचित्रालाही बाजारात भाव येतो तो कलावंताच्या नावाने. एवढे मात्र म्हणता येईल की हिजडा आणि ट्रान्स व्यक्तींविषयी बातमीदारीची किंवा कणव दाखवणारी छायाचित्रे काढण्याची जुनी वहिवाट होती, त्यात समोरच्या व्यक्तीला एवढाही वाव नव्हता. तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात मान्य केला. आठ वर्षे आधीच्या या मालिकेची कार्यपद्धती त्याच तत्त्वावर चालली होती.

२०१२ मध्ये जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा (१३) या प्रदर्शनात शाह यांचे ‘बिटवीन द वेव्हज’ हे पाच भागांचे व्हिडिओ-काम लागले. डॉक्युमेंटा पाच वर्षांतून एकदा भरते आणि तिथे बोलावणे येणे हा कलाजगतातला मोठा मान. या कामात डोक्याला शिंग बांधलेले, धड माणूस ना धड जनावर असे देह दिसतात. ती शिंगे एकीकडे रेबेका हॉर्न या जर्मन कलावंतिणीच्या १९७० च्या सुमाराच्या ‘आइनहॉर्न’कडे बोट दाखवतात, तर दुसरीकडे सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरच्या एकशिंगी प्राण्याकडे. एका भागात हे जीव कचऱ्याच्या डेपोवर नाचतात. शहराने नको म्हणून फेकलेले आणि समाजाने नको म्हणून फेकलेले एकाच ढिगावर यावेत, ही कल्पना जबरदस्त आहे. पर्यावरणाकडे वळून शाह यांनी मूळ विषय सोडला, ही टीका म्हणूनच मला पटत नाही. बाई-पुरुष ही फारकत ज्यांनी अमान्य केली ते माणूस-जनावर ही फारकत तरी कशी मानतील?

माझी तक्रार वेगळी आहे. कासेलच्या कामात शिंग बांधून उभ्या राहिलेल्या देहांना ‘तुला कोण व्हायचे आहे’ हे कोणी विचारल्याचे दिसत नाही. ते कलावंताच्या पुराणकथेतली पात्रे आहेत, जशी सिंधू गडकऱ्यांची होती. दृश्य म्हणून हे काम २००६ च्या छायाचित्रांपेक्षा कितीतरी मोठे आणि धाडसी आहे. निवडीचा जो हक्क त्या छायाचित्रांनी समोरच्याला दिला होता, तो मात्र इथे परत कलावंताकडे गेला आहे.